रेस मी सोडली

जबाब
दिनांक ०५/०९/२०२५, वेळ सकाळी ११.२०

नाव सांडू येसू देवकते, वय ६३ वर्षे, धंदा शेती (आधी मेंढरे राखणे), शिक्षण दुसरी, रा. करंजवाडी, ता. मंठा, जि. जालना.

मी वरील नावाचा इसम आज आपण होऊन ठाण्यात आलो. मला कोणी बोलावले नाही, कोणी पाठवलेही नाही. सकाळी मुलाची राख सावडली आणि तिथून सरळ इकडे आलो. समक्ष सांगतो ते असे की,

मी वरील गावी सून मोनिका, वय २७, हिच्यासह राहतो. परवापर्यंत मुलगा गोरक्षनाथ, वय ३१, हाही राहत होता. पत्नी गोजरबाई चार वर्षांपूर्वी वारली. गोरक्षनाथ पाच वर्षे कोकणात समुद्रावर वॉटर स्कूटर चालवण्याच्या कामाला होता. तिथे रीतसर शिकला, त्याचे सर्टिफिकेट भिंतीला लावलेले आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी मशीन गावी आणली आणि आमच्या तलावावर लोकांना फिरवू लागला. परवानगीचे कागद मोनिकाकडे आहेत. मोनिकालाही मशीन चालवता येते. मशीनचे इंजिन, वायरी, तेलपाणी हे काम कडूबा रंगनाथ गाडेकर, वय ३३, हा बघतो. कडूबा मोटारी दुरुस्त करतो आणि मुलाचा लहानपणापासूनचा जोडीदार आहे.

मी या मशीनवर दोन वर्षे बसलो नाही. ती पाण्यातली फटफटी तुमची तुम्हाला लखलाभ, असे म्हणत होतो. मुलगा हसायचा.

दिनांक २९ ऑगस्ट रोजी गावात निरोप आला की, या वर्षी विसर्जनाच्या दिवशी कोणी बुडू लागले तर काढण्यासाठी मशीन तलावावर तयार ठेवावी. त्यावर मुलगा मला म्हणाला, "आबा, पाण्याखालचं तुमालाच म्हाईत हाय. हिरी कुठं, बाभळीचे खुंट कुठं, कुणालाच म्हाईत न्हाई. तुमी चालवायला शिका, मंग निशाणं लावून टाकू." हे खरे आहे. तलाव होण्याआधी वीस वर्षे मी त्याच रानात मेंढरे चारली. कुठे दोन पुरुष खोल पाणी आहे आणि कुठे जुनी विहीर आहे, हे मी काठावर बसून बोटाने दाखवू शकतो. मुलाने माझ्याकडे काही मागावे, अशी वेळ फार वर्षांनी आली होती. मला आनंद झाला. मी हो म्हणालो.

दिनांक ३० ऑगस्टपासून चार दिवस त्याने मला शिकवले. जॅकेटची तिन्ही बकले तो स्वतः लावायचा आणि ओढून बघायचा. मशीनला एक लाल दोरी असते, तिचे एक टोक मशीनला आणि दुसरे चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होते. ती दोरी रोज तोच माझ्या डाव्या मनगटाला बांधायचा. उजव्या मुठीजवळ रेसचा खटका असतो. तो बोटाने दाबला की मशीन पळते, सोडला की रेस बंद होते.

मी पहिल्याच दिवशी विचारले, "ब्रेक कुठं हाय?"

तो म्हणाला, "ब्रेक नस्तो, आबा."

"मंग थांबती कशी?"

"थांबवायची न्हाई. आधीच हळू करायची. रेस सोडली की जाती तशीच पुढं, आन् थकली की उभी ऱ्हाती. पर वळायचं आसंल तर रेस सोडायची न्हाई. रेस सोडली की हँडल निस्तं नावाला."

मी म्हणालो की, ही तुझी म्हैस लईच उलट्या डोक्याची दिसते. तरी त्याने मला ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. समोर माणूस दिसला तर काय करणार, असे तो विचारायचा. मी सांगायचो, रेस द्यायची आणि वळायचे. पाण्यात लांबून आवाज येत नाही म्हणून त्याने खूण ठरवली होती. हात वर करून मूठ आवळली म्हणजे रेस द्या. चार दिवसांत मी एकदाही उत्तर चुकलो नाही. मुलाने शिकवले नाही किंवा घाईने शिकवले, असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे.

दिनांक २ रोजी संध्याकाळी कडूबाने रेसची वायर बदलली. जुनी गंजली होती. बदलल्यावर मुलाने स्वतः दोन चकरा मारल्या आणि बराबर आहे म्हणाला.

दिनांक ३ रोजी सकाळी सातला आम्ही तलावावर गेलो. मुलगा, मोनिका, कडूबा आणि मी. मुलाला मागे बसवून मी दोन चकरा केल्या आणि बाभळीच्या खुंटांवर बांबूची निशाणे लावली. तिसऱ्या खेपेला जुन्या विहिरीवरचे निशाण राहिले होते. मुलगा म्हणाला, आता एकटे जाऊन या. तो काठाजवळ छातीएवढ्या पाण्यात उभा राहून विसर्जनाच्या हद्दीचा दोर प्लास्टिकच्या डब्यांना बांधत होता. मोनिका काठावर होती. कडूबा वर रस्त्याला पिकअपमधून बांबू काढत होता. मशीनला त्याचा हात त्या वेळी लागलेला नाही.

मी विहिरीवर निशाण लावले आणि परत फिरलो. साधारण आठ चाळीस झाले होते. मुलाने सांगितले होते की, खुंटाचा बांबू आला की रेस कमी करायची आणि तिथून माणसाच्या चालीने यायचे. मी बांबूशी रेस कमी केली नाही. साहेबांनी विचारले, का केली नाही. मला जोरात जायला आवडले, म्हणून केली नाही. हे असेच लिहून घ्यावे. चाळीस वर्षे मेंढरांच्या मागे पायी चाललो. गाडीत बसलो ते दुसऱ्याच्या. एवढ्या जोरात, एकटा, स्वतःच्या हाताने असा मी जन्मात गेलो नव्हतो. समोर मुलगा बघत होता आणि त्याने बघावे असे मला वाटत होते.

मुलगा समोर तीस-चाळीस पावलांवर असताना माझ्या लक्षात आले की मी सरळ त्याच्यावर जातो आहे. त्यानेही पाहिले. त्याच्या हातात दोर होता, तो टाकून त्याने हात वर केला आणि मूठ आवळली. काठावरून मोनिका ओरडली, "मामा, रेस द्या! रेस द्या!" मला ऐकू आले. खूणही कळली. तरी मी बोट उचलले. हँडल दोन्ही हातांनी छातीशी ओढले, मग डावीकडे पूर्ण वळवले आणि तोंडाने हो, हो म्हणालो. बैलाला म्हणतात तसे.

गोरक्षनाथ तीन वर्षांचा असताना एकदा आमच्या बैलगाडीपुढे येऊन मातीत खेळत बसला होता. गाडी भरलेली होती आणि उतार होता. मी कासरा ओढून हो म्हटले. बैल जागच्या जागी उभे राहिले, एकाचे तोंड पोराच्या डोक्याला लागले होते. गोजरबाईने त्या बैलांना पुरणपोळी घातली होती. जनावर आपल्या माणसावर पाय देत नाही, हे माझ्या अंगात आहे. माणूस पुढे असताना वेग वाढवायचा, हे तोंडाने चार दिवस म्हटले. हाताने एकदाही मानले नाही.

मशीन वळली नाही. सरळ गेली आणि मुलाच्या छातीवर लागली.

मी पाण्यात पडलो, दोरी निघाली आणि इंजिन बंद पडले. मोनिकाने आणि मी त्याला काठावर घेतले. कडूबा धावत आला. पिकअपमध्ये ताडपत्रीवर त्याला निजवले, कडूबाने गाडी चालवली. मुलाचे डोके माझ्या मांडीवर होते. तो पाणी मागत होता. मोनिका म्हणाली, "देऊ नका मामा, पोटात मार आसंल. ह्येंनीच शिकीवलंय मला." मी दिले नाही. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा नऊ पस्तीस झाले होते. डॉक्टरांनी तपासून तो वाटेतच गेल्याचे सांगितले. पाणी दिले असते तरी काही फरक पडला नसता, असेही ते म्हणाले. हे मला आधी कळायला पाहिजे होते.

काल दिनांक ४ रोजी मोनिकाचा भाऊ भागवत, रा. कुंभार पिंपळगाव, याने तक्रार दिली की, कडूबाने चुकीची वायर घातली, त्यामुळे रेस अडकली आणि अपघात झाला. त्यावरून काल संध्याकाळपासून कडूबाला ठाण्यात बसवून ठेवले आहे. भागवतचा राग मला समजतो. त्याच्या बहिणीचा नवरा गेला. पण रेस अडकलेली नव्हती. मी बोट उचलल्याबरोबर खटका मागे आला आणि इंजिनाचा आवाज उतरला. ते मी कानाने ऐकले.

साहेब मला म्हणाले की, रेस सुटली होती तर गाडी वळायला पाहिजे होती, तुम्ही घाबरून काहीतरी उलटसुलट सांगता. मी त्यांना असे सांगितले की, विहिरीवरची मोटार चालू असताना पाइप हातात धरला तर पाणी जोरात सुटते आणि पाइप अंगाला झटके देतो. मोटार बंद केली की तोच पाइप मेल्यासारखा पडतो. या मशीनचे तसेच आहे. मागून पाणी सुटते आणि हँडलने त्या पाण्याचे तोंड फिरते. पाणीच सुटले नाही तर हँडल कितीही फिरवा. कडूबाची वायर अडकली असती तर रेस चालू राहिली असती, मशीन डावीकडे वळली असती आणि माझा मुलगा आज घरी असता. वायर चांगली होती म्हणूनच तो गेला. पाहिजे तर साहेबांनी स्वतः मशीन पाण्यात घालून बघावी.

परवापासून घरी येणारे लोक मला सांगत आहेत की, तुम्ही गप्प राहा. बापाच्या हातून झाले असे कागदावर आले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माझे मेहुणे तातेराव काल रात्री म्हणाले, "कडूबा तरणा हाय, सुटंल दोन वर्साने. तुमचं वय हाय का आता?" मी त्यांना उठून जायला सांगितले. कडूबाला दोन लहान मुली आहेत. मुलाच्या तिरडीला खांदा देऊन तो घरी गेला आणि लगेच त्याला उचलले, अजून त्याने अंगावरचे कपडे बदललेले नाहीत. मघाशी बाकावर मला बघून तो उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, तुमी कायला आले इथं? जा घरी." एवढे बोलून रडला. वायर त्याने बदलली म्हणून त्याला स्वतःलाच आता शंका येऊ लागली आहे. ती शंका माझ्यामुळे आहे. मी काल रात्रभर घरी बसून राहिलो, याची मला लाज वाटते.

आता सुनेबद्दल. मोनिकाने काल ठाण्यात लिहून दिले आहे की, ती पाठमोरी होती आणि धडक तिने पाहिली नाही. ती माझ्यासाठी तसे बोलली. परवापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. ताट आणून ठेवते आणि उंबऱ्याशी उभी राहते, मी घास घेतला की जाते. आज निघताना मात्र चपला घालताना मागून म्हणाली, "मामा, तुमी तिकडं बसले तर ह्या घरात मी एकलीच ऱ्हाते." मी चपला घालून निघालो. तिचा जबाब खोटा आहे असे माझ्या नावाने लिहू नये. त्या क्षणी ती मशीनकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती, असे लिहावे.

उद्या विसर्जन आहे. मशीन चालवता येणारे आता गावात दोघे उरले, मोनिका आणि कडूबा. मोनिका जाणार नाही, तिला कोणी जा म्हणू नये. तलावावर शंभर-दीडशे पोरे उतरतील. विहिरीवरचे निशाण मी हाताने पक्के रोवले आहे. तरी एखादा पलीकडे गेलाच तर त्याला काढायला माणूस पाहिजे. कडूबाला आज सोडावे आणि मला बसवावे. घरी निरोप देण्याची गरज नाही, सुनेला अंदाज आहे.

माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.

हवालदारांनी लिहिलेले सर्व मला सावकाश वाचून दाखवले. त्यात एके ठिकाणी "मयत हा अचानक मध्ये आल्याने" असे होते. हवालदार म्हणाले, असे लिहायची पद्धत आहे, त्याने तुमचेच भले होईल. ते मी खोडायला लावले. तो मध्ये आला नव्हता. मला दिसावा म्हणून तो एकाच जागी उभा होता. बाकीचे मी सांगितले तसेच आहे.

सांडू येसू देवकते यांच्या डाव्या अंगठ्याची निशाणी
समक्ष : लिहून घेणार, पोलीस हवालदार