चालत्या बोटीवरचा पहिला मासा

माझे नाव सुखदेव तुळशीराम, पूर्वीचा मुक्काम साकोली तालुका, जिल्हा भंडारा, हल्लीचा मुक्काम मिलवॉकी, राज्य विस्कॉन्सिन, अमेरिका. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण नववीपर्यंत. आणि नववी म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येते ते तुमच्या चेहऱ्यावर येण्याआधीच सांगून टाकतो, की तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली टेबल मांडून मी जे अर्ज लिहिले ते वाचून साहेब लोक विचारत, हा कोणत्या वकिलाकडून लिहून आणला. वारसाची नोंद, शेताची वाट, निराधार म्हातारीचे अनुदान, रेशनकार्डातून वगळलेली सून, काय सांगू तुम्हाला, माणसाच्या पोटातले दुःख सविनय कागदावर उतरवायचे काम होते ते, आणि मी ते अभिमानाने केले. तुम्ही लिहून घेता आहात म्हणून एकच विनंती, माझी वाक्ये लांब असतात, ती तोडू नका.

तर आमचा समाज ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा. आमच्याकडे समुद्र नाही, तलाव आहेत, गावागणिक तलाव. बाबा डोंग्यात उभे राहून जाळे फेकायचे, आई टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकायची, आणि माझी थोरली बहीण मालन, आम्ही तिला ताई म्हणतो, ती डोंग्याच्या टोकाला हातजाळी घेऊन बसायची आणि मोठ्या जाळ्यातून निसटू पाहणारा मासा पाण्यातच असा अलगद उचलायची की पाण्याला कळायचेसुद्धा नाही. बाबांची शिस्त कडक. जाळ्याला मासा लागला की वल्हे वर, डोंगा जागच्या जागी, कोणी खोकायचेही नाही. आणि हंगामातला पहिला मासा आपल्या घरी शिजवायचा नाही, तो न कापता, अख्खा, दोन्ही हातांवर घेऊन, झाकून नव्हे तर सगळ्या गावाला दिसेल असा, शेजारच्या त्या घरी न्यायचा जे घर त्या वर्षी आपल्यासाठी धावून आले असेल. आई बाळंतपणात अडली त्या वर्षी तो मासा बैलगाडीवाल्याकडे गेला होता. मला ते आठवत नाही, मी त्याच बाळंतपणातला, पण घरात सांगत असत.

ताईला मात्र त्या मासळीचा फार जाच झाला. शाळेत तिच्या बाकावर मुली बसत नसत, नाक दाबत. ती नागपूरला नर्सिंग शिकली, तिथे आमचे भाऊजी भेटले, इंजिनिअर, घरात अंडेसुद्धा चोरून उकडणारे, आणि दोघे लग्न करून इकडे आले. इकडे आल्यावर ताईने ठरवले की मासळी हा विषय संपला. इथल्या मराठी मंडळात कोणी विचारले, माहेर काय करतं हो, तर म्हणायची शेती. आता दैवाची गंमत बघा, मिशिगन सरोवर या घरापासून गाडीने पंधरावीस मिनिटांवर, आणि ऑफिसातल्या गोऱ्या मित्रांच्या नादाने भाऊजींनाच त्याचे वेड लागले. जुनी बोट घेतली, गळ घेतले, उन्हाळ्यातला एक रविवार सोडेनात. ढिवराची मुलगी घरात बसून असायची आणि अंडे चोरून उकडणारा मासे मारून यायचा. मासा मात्र घरात येत नसे, बंदरावरच वाटून यायचा आणि आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचे नाही असा ताईचा हुकूम.

पुढे ताईने मला इकडे आणायचा अर्ज केला, जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले आणि स्वतः कोणाच्या तरी अर्जातला एक रकाना होऊन वर्षानुवर्षे बसलो, आणि एकदाचे मी आणि बायको इथे ताईच्याच घरी पोहोचलो. इथे मी देशी किराणा दुकानात काउंटर सांभाळतो. दुकानातल्या सूचनाही मीच लिहितो, आणि त्या वाचून गिऱ्हाइके थांबतात, हे नमूद करून ठेवा.

भाऊजींनी मला पहिल्यांदा सरोवर दाखवले तेव्हा मी विचारले, पलीकडचा काठ कुठे आहे. ते म्हणाले, सालेसाहेब, पलीकडे दुसरं राज्य आहे. इथली मासेमारीही आमच्याहून उलटी. सॅल्मन आणि ट्राउट हे थंड पाण्याचे मासे, उन्हाळ्यात खोल जातात. म्हणून जड लोखंडी गोळे तारेने खोल सोडायचे, त्यांना चिमट्याने गळाच्या दोऱ्या अडकवायच्या, दोरीच्या टोकाला चकचकीत पत्र्याचा चमचा, आणि मग बोट हळूहळू चालवत राहायची, माणूस बाजारात रमतगमत चालतो तशी, म्हणजे चमचा पाण्यात लहान मासा पळाल्यासारखा हलतो. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि बोटीच्या कडेला रोवलेली गळाची वाकलेली काठी ताडकन सरळ होते. पहिल्याच दिवशी चाक माझ्या हातात दिले होते. काठी ताडकन उडाली, भाऊजी ओरडले फिश ऑन, आणि मी काय केले, बाबांची शिस्त अंगात मुरलेली, मी इंजिन बंद केले आणि श्वास धरून उभा राहिलो. बोट थांबली, चमचे खाली बसले, वाऱ्याने बोट फिरली आणि साऱ्या दोऱ्यांची एकमेकींत वेणी झाली. मासा गेला तो गेलाच. भाऊजी म्हणाले, काय करून राहिले बाप्पा! इथं थांबलं का संपलं! मासा लागला तरी बोट चालूच ठेवाची! मग दिवसभर दोऱ्या सोडवत बसलो, आणि भाऊजी आठवून आठवून हसत होते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात भाऊजी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना पडले. शेजारचा डग, निवृत्त प्लंबर, त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले आणि घरातल्या चपलांवर बर्फातून धावत आला, त्यानेच फोन केला, त्यानेच अॅम्ब्युलन्स येईपर्यंत भाऊजींचे डोके मांडीवर धरले. डॉक्टर म्हणाले स्ट्रोक आहे, वेळेत आणले. जीव वाचला, बोलणे परत आले, पाय परत आला, डावा हात मात्र अर्धाच परत आला. तेव्हापासून डग भेटला की मुद्दाम डावा हात पुढे करतो आणि म्हणतो, स्क्वीझ, कम ऑन, यू कॉल दॅट अ स्क्वीझ?

उन्हाळा लागला. बोट ड्राइव्हवेत ट्रेलरवर कापडाखाली झाकलेली. भाऊजी रोज सकाळी कापड उचलून आत शिरायचे आणि कोरड्या जमिनीवर त्या बोटीत चाकासमोर बसून राहायचे. आधी तासभर, मग जेवायची हाक मारली तरी येईनात. हाताचा व्यायाम सोडला, रबरी चेंडू सोफ्याखाली गेला तो तिथेच राहिला. ताई म्हणाली, बोट कोणाला तरी देऊन टाका, नजरेसमोर नको. भाऊजी उठून पुन्हा बोटीत जाऊन बसले आणि तेच वाईट होते, कारण हा माणूस नागपूरचा, गप्प बसणे त्याला शोभत नाही.

मी ताईपुढे बाजू मांडली. म्हटले, ताई, सर्व बाबींचा साकल्याने विचार करता, डॉक्टरांनी लाइफ जॅकेट आणि सोबत असल्यास परवानगी दिलेली असताना. ती म्हणाली, सुखदेव, इथं तहसीलदार नाही बसला, इथं मी बसले आहे. ते पाणी बर्फासारखं असतं, माणूस एका हाताचा, तोल गेला तर डॉक्टर येणार आहे का उडी मारायला? उत्तर दिले ते भाचीने. रेवा शिकागोला शाळेत शिकवते, इथेच जन्मलेली, शनिवारी आली होती. तिने खिडकीतून झाकलेल्या बोटीतले आपल्या बाबांचे पाय पाहिले आणि म्हणाली, आई, ही इज ड्राउनिंग राइट देअर, इन द ड्राइव्हवे.

ताई भांडी घासत राहिली. मग पाठ न वळवता म्हणाली, उद्या मीही येते. एकदाच. मला धोका दिसला आणि मी परत म्हटलं तर परत, आणि परत आल्यावर बोट जाईल, मग कोणी एक शब्द बोलायचा नाही. इतकी वर्षे त्या बोटीला पाय न लावलेली बाई. भाऊजींनी फक्त विचारले, तुले बोट लागन ना? ती म्हणाली, मला सगळंच लागतं.

सकाळी निघालो तेव्हा सरोवर असे सपाट होते की आभाळ कुठे संपते ते कळेना. चाक माझ्याकडे, दोऱ्या रेवाकडे, भाऊजी मागच्या खुर्चीवर, आणि ताई नारिंगी जॅकेट पंजाबी ड्रेसवर चढवून, ओढणी नाकाला लावून, गळांकडे पाठ करून बसलेली. बराच वेळ काही नाही. रेवाने सँडविच वाटले. ताई म्हणाली, हेच करायला तुम्ही रविवार घालवता? भाऊजी म्हणाले, यालेच फिशिंग म्हणतात. ती म्हणाली, आमच्याकडं याला रिकामं बसणं म्हणतात.

आणि काठी ताडकन उडाली.

रेवा ओरडली, डॅड, इट्स युअर्स! भाऊजी उठले. काठीचे बूड पोटाच्या पट्ट्यात रोवले, डाव्या कोपराने काठी अंगाशी दाबली आणि उजव्या हाताने रीळ फिरवू लागले. पण मासा मोठा होता, दोरी किरकिरत बाहेरच जात होती, डावा कोपर सुटू लागला, भाऊजी एक पाऊल पुढे ओढले गेले, बोटीच्या कडेपाशी गुडघे टेकले. ताई किंचाळली, सुखदेव, थांबव! आत्ताच्या आत्ता थांबव, परत फिरव! रेवा म्हणाली, मामा, डोन्ट! आणि भाऊजींनी वळून माझ्याकडे पाहिले. माझा हात इंजिनच्या दांड्यावर. काय सांगू तुम्हाला, माझी सगळी हाडे थांब म्हणत होती, बाबा थांब म्हणत होते, थोरली बहीण थांब म्हणत होती जिचा शब्द मी जन्मात मोडला नाही, आणि भाऊजी खरेच पाण्यात गेले असते तर ते माझ्याच हातून झाले असते. पण थांबलो असतो तर मासा गेला असता, आणि त्या माणसाला आपण पुन्हा नेऊन ड्राइव्हवेत बसवले असते. मी म्हणालो, नाही. एवढेच म्हणालो, सविनय वगैरे काही न जोडता, आणि बोट सरळ चालू ठेवली.

ताईने माझ्याकडे जे पाहिले ते मी सांगत नाही. पण पुढच्या क्षणाला ती उठली, भाऊजींच्या मागे गुडघ्यावर बसली, त्यांच्या जॅकेटचा पट्टा एका मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांचा डावा हात काठीवर दाबून धरला. म्हणाली, ओढा आता. तो ओढायचा, ती दाबायची. मासा जवळ यायचा, बोट पाहून पुन्हा खोल जायचा. किती वेळ गेला मला माहीत नाही, मी पुढे पाहत होतो, मला पुढेच पाहणे भाग होते.

मग मागून चांदीसारखे काहीतरी पाण्यावर लोळले. रेवा लांब दांड्याची जाळी घेऊन वाकली आणि माशाच्या शेपटीकडून घालू लागली. ताई ओरडली, शेपटीकडून कोणी जातं का गं, पळेल तो! दे इकडे! भाऊजींना तिने रेवाच्या हाती दिले, जाळी घेतली, पाण्यात आधीच बुडवून धरली, माशाचे डोके वळू दिले, आणि उचलली. पाण्याला कळलेसुद्धा नाही. हातभर लांबीचा किंग सॅल्मन तिच्या मांडीवर येऊन आपटला, ओढणी कुठल्या कुठे, ड्रेसभर चिकट पाणी आणि खवले, आणि ताई मोठमोठ्याने हसत होती. भाऊजी खाली बसले, धापा टाकत म्हणाले, मालन, तू तं पक्की ढिवरीण निघाली! ती म्हणाली, निघाले नाही, होतेच.

बंदरावर मासे कापायचे टेबल असते. रेवाने सुरी काढली तर ताईने तिचा हात धरला. म्हणाली, कापायचा नाही. पहिला आहे, आपल्या घरी शिजत नाही. रेवा म्हणाली, व्हॉट डू यू मीन, आई, बाबांनी इतका वेळ... ताई म्हणाली, म्हणूनच. मला वाटले होते ती ते सारे कधीच विसरली.

घरी आल्यावर तिने ओला ड्रेससुद्धा बदलला नाही. मासा दोन्ही हातांवर घेतला आणि हिरवळीवरून भर दुपारी डगच्या घराकडे निघाली, मागे भाऊजी, मागे आम्ही. नेमक्या तेव्हाच मंडळातल्या एक काकू गाडीतून गणपतीच्या कार्यक्रमाचे काही सांगायला आल्या होत्या, काच खाली करून म्हणाल्या, अगंबाई मालनताई, हे काय? ताई थांबली नाही. चालता चालता म्हणाली, आमच्या बाबांची पद्धत आहे काकू, मासेमार होते ना ते. बसा, आलेच.

डगने दार उघडले, माशाकडे पाहिले, आम्हा सगळ्यांकडे पाहिले. द होल थिंग? यू श्योर? भाऊजी म्हणाले, यू रॅन इन चप्पल्स, मॅन. डगला शब्द कळला असेल नसेल, पण त्याने मान खाली घातली, मग डावा हात पुढे केला. भाऊजींनी धरला. डग म्हणाला, ओके. दॅट वन काउंट्स.

आता या गोष्टीला वर्ष होत आले. बोट गेली नाही. डावा हात पूर्ण परत आला असे मी म्हणणार नाही, शर्टाची बटणे अजून ताईच लावते, आणि यापुढे किती येईल हे डॉक्टरही लिहून देत नाहीत. पण रबरी चेंडू सोफ्याखालून निघाला आहे, आणि हिवाळाभर टीव्हीसमोर तो दाबण्याचा आवाज येत होता. यंदाच्या हंगामातला पहिला मासा मात्र अजून लागायचा आहे, आणि तो कोणाच्या घरी जायचा यावर घरात वाद चालू आहे, कारण रेवाच्या मते तो त्या फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेला पाहिजे आणि माझ्या मते त्या बाई शेजारी या व्याख्येत बसत नाहीत.

अर्जाच्या शेवटी मी नेहमी मागणे लिहीत असे. इथे मागणे काही नाही, तुमच्यासाठी म्हणाल तर एवढे लिहा की तुम्ही कधी पडलात तर खिडकीतून पाहणारे कोणीतरी असो, आणि तुमच्या हातून त्याच्या दारी न्यायला काहीतरी असो. आता मला उठले पाहिजे. ताई बाहेर जॅकेट घालून, जाळी घेऊन उभी आहे, ती जाळी ती कोणाला हात लावू देत नाही, आणि केव्हाची हाका मारते आहे की सुखदेव, तुझं कथन संपलं असेल तर चल, वारा पडलाय.