बला

रम्या : बला म्हटलं मी! बला, बला म्हणून घसा फोडला!

प्रियदर्शनी : म्हणून तर लावलं ना बळ! होतं नव्हतं तेवढं लावलं, अक्का!

रम्या : अय्यो, बळ नव्हे गं! बला! उजवीकडं! कन्नडात उजवीकडं!

प्रियदर्शनी : मग उजवीकडे म्हणायचं! पुण्यात बला म्हणजे संकट.

रम्या : आलं की मग ते. एवढा मोठा धोंडा समोर, आणि नेमकी त्याच्यावरच होडी घातलीस.

प्रियदर्शनी : आणि डावीकडे म्हणजे काय?

रम्या : एडा.

प्रियदर्शनी : बरं झालं ते नाही म्हणालात. मला वाटलं असतं, शिव्या देताय.

रम्या : हसू नको! हसलीस की पाणी तोंडात जातंय. मान वर धर. जॅकेटचा पट्टा धरलाय मी, सोडत नाही. पाय निघतो का बघ.

प्रियदर्शनी : नाही निघत. सीटखाली गेलाय आणि होडीच वाकलीये त्याच्यावर. तुम्ही दगडावर उडी मारलीत, मला उठताच आलं नाही.

रम्या : दुखतंय?

प्रियदर्शनी : मघाशी दुखत होतं. आता काही कळतच नाहीये. इट्स सो कोल्ड, अक्का.

रम्या : कल्लाप्पाऽ! ओ होडीवाले! इकडं या!

कल्लाप्पा : आलो, आलो! ताई, हालू नगासा! दगडावर पालथ्या पडलाय तशाच ऱ्हावा!

रम्या : हिचा पाय अडकलाय होडीत! मी सोडलं की डोकं खाली जातंय हिचं!

कल्लाप्पा : मग सोडू नगासा! दोरी टाकतो, जॅकेटात अडकवा. ही घ्या... आयला, लांब गेली. थांबा, परत टाकतो. घावली?

रम्या : घावून काय करू? एक हात हिला, एक हात दगडाला. बांधू कशानं, दातांनी?

कल्लाप्पा : व्हय की. मग ऱ्हाऊ द्या. ताई, होडी दोन धोंड्यांत आडवी बसलीया, वरनं पाण्याचा रेटा. मी एकट्यानं वडून ती निघायची न्हाई. वरच्या बंधाऱ्याचं दार खाली पाडाय पायजे, म्हंजी पाणी थांबंल. शेतीला पाणी सोडलंय म्हणून तर ह्या दिवसांत वढ्याला एवढी वढ हाय.

प्रियदर्शनी : फोन करा ना त्यांना!

कल्लाप्पा : रेंज कुठली हितं? बाकीच्या होड्या बी म्होरं गेल्या. पळतच जातो.

रम्या : किती वेळ लागेल?

कल्लाप्पा : जाऊन येईस्तोवर लागंल की ओ! तुम्ही हात तेवढा सोडू नगासा, बाकी काय बी करू नगा.

प्रियदर्शनी : गेला?

रम्या : गेला. तू बोलत राहा. डोळे मिटू नको.

प्रियदर्शनी : काय बोलू?

रम्या : काहीही. तुझ्या नवऱ्याला, रणवीरला शिव्या घाल. माझा भाऊ आहे म्हणून मागं राहू नको. त्यानं यायचं होतं आज तुझ्याबरोबर. रविवारी कसली मीटिंग की हेब्बाळच्या ऑफिसात! म्हणाला, अक्का, तू जा, पैसे भरलेत.

प्रियदर्शनी : त्यानं यायलाच हवं होतं. बुकिंग मी केलं होतं. मुद्दाम.

रम्या : तुला पाण्याची हौस कधीपासून?

प्रियदर्शनी : हौस कसली, मला पोहता पण येत नाही. होडीत फोन नेता येत नाही ना, म्हणून. घरी कधीही बोलायला गेलं की याच्या हातात फोन. म्हटलं, होडीतून उठून जाईल कुठे?

रम्या : आणि सापडले मी. सरी, बरं, मलाच सांग. काय बोलायचं होतं एवढं?

प्रियदर्शनी : पाणी वाढलंय का हो?

रम्या : नाही. सांग.

प्रियदर्शनी : मी पुण्याला जातेय, अक्का. उगादी झाली की. ऑफिसनं ट्रान्सफर दिलीये. परत नाही येणार.

रम्या : परत नाही म्हणजे?

प्रियदर्शनी : अक्का! हात हलला तुमचा.

रम्या : नाही हलला.

प्रियदर्शनी : हलला! मी खाली गेले स्वल्प.

रम्या : पकड बदलली. गप्प बस... आणि आई?

प्रियदर्शनी : बघा. पहिला प्रश्न हा. मी का जातेय, हा नाही.

रम्या : का जातेस ते मला कळत नाही होय? त्याच घरात राहते मी. पण तू गेलीस की आईला उठवणं, बसवणं, अंघोळ कोण करणार? रणवीर? तो आपला चमचा धुवायचा नाही. सगळे माझ्याकडंच बघणार. नवरा सोडून आलेली मुलगी, तिला काय काम? बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात आत्ता कुठं सुपरवायझर केलंय मला, प्रिया. ती नोकरी सोडायची मी? तू सुटतेस आणि मला कोंडून जातेस.

प्रियदर्शनी : आणि मी नव्हते कोंडलेली? घरून काम करते म्हणजे मोकळीच आहे, असं ठरवून टाकलंत सगळ्यांनी. मीटिंगमध्ये म्यूट करून आईंना कुशीवर वळवते मी. मॅनेजर विचारतो, आर यू देअर? मला खरंच कळत नाही काय सांगू. आणि रात्री जेवताना तुम्ही सगळं ठरवता, ते कन्नडमध्ये. भाजी काय करायची ते मराठीत, आणि डॉक्टर काय म्हणाले ते कन्नडमध्ये.

रम्या : सवयीनं होतं गं ते. मुद्दाम नाही.

प्रियदर्शनी : माहितीये. मुद्दाम असतं तर भांडले असते. घरात येऊन इतकी वर्षं झाली, मला उजवं-डावं शिकवायचं कुणाला सुचलं नाही.

रम्या : खरंय. नाही सुचलं.

प्रियदर्शनी : पट्टा काचतोय मला.

रम्या : काचू दे.

प्रियदर्शनी : राग आला ना माझा?

रम्या : आलाय. चांगला आलाय. वर असतीस तर दोन शब्द सुनावले असते. पण राग वेगळा, हात वेगळा. मान वर धर.

प्रियदर्शनी : अक्का, मला नाही धरवत मान. अक्का, सोडू नको. प्लीज, तू सोडू नकोस मला!

(लाट येते. प्रियदर्शनीचा चेहरा पाण्याखाली जातो, आणि पुन्हा वर येतो.)

रम्या : खोक! खोक सगळं. आहे मी. बघ, धरलंय. नाही सोडत, आईशप्पथ नाही सोडत. श्वास घे. मत्ते, परत एकदा. असं.

प्रियदर्शनी : मी मरणार का गं?

रम्या : माझ्या हातात नाही मरायचं. रड, पण मान वर ठेवून रड.

कल्लाप्पा : पाडलं ओऽ! दार पाडलं! दम धरा आता!

रम्या : ऐकलंस? दार पडलं. तो बघ, धोंडा ओला दिसायला लागला. खांदे आले बघ तुझे वर.

कल्लाप्पा : आता मी शिरतो पाण्यात. हे वल्हं सीटखाली घालून होडी उचलतो. मी ‘हां’ म्हटलं की ताई, तुम्ही वर वडा. आनि धाकल्या ताई, तुम्ही काय बी करू नगा. बळ लावू नगा.

प्रियदर्शनी : नाही लावत!

कल्लाप्पा : हांऽ! वडा!

रम्या : निघाला! पाय निघाला!

कल्लाप्पा : बूट ऱ्हायला आत. ऱ्हाऊ दे. चला काठावर, माझ्या खांद्याला धरा. बोटं हलवून दावा बरं पायाची. हाय, मोडलं न्हाई काय. बसा हितं, उन्हाला.

प्रियदर्शनी : अक्का, ऐक. मी नाही जात पुण्याला.

रम्या : काय?

प्रियदर्शनी : नाही जात. तू इतका वेळ धरून राहिलीस, आणि मी तुला त्या घरात टाकून जाऊ? माझ्यानं नाही होणार.

रम्या : गप. धरलं ते बुडू नयेस म्हणून. राहावीस म्हणून नव्हे.

प्रियदर्शनी : आणि तुझी नोकरी? आई?

रम्या : माहीत नाही. रणवीरला बोलते. त्याच्याशी बोलायला मला होडी लागत नाही, मी थोरली आहे. फोन काढून घेते हातातला. बाई ठेवूया म्हणते, नाहीतर तू रजा काढ म्हणते. ऐकेल, न ऐकेल. भीती वाटते मला, खोटं कशाला सांगू. पण ते आम्हा दोघांचं आहे. त्यासाठी तुला अडकवून ठेवणार नाही मी. आणि तुझं तू त्याला सांगायचं, मराठीत, तोंडावर. मी शेजारी बसते.

कल्लाप्पा : ताई, पोरींनो, जॅकेटं काढा की ती. वली हायत, थंडी भरंल. मी च्या बघतो कुठं मिळतो का.

प्रियदर्शनी : अक्का... आता सोड ना पट्टा. काठावर आलोय आपण.

रम्या : सोडलाय कधीच. बोटं उघडत नाहीत गं. तूच सोडव, एकेक करून.