आमच्या मंडळींना गाडी लागती

...मायलेज, मायलेज, मायलेज. पावणं, तुमी बी त्येच इचारताय. नवी गाडी घ्यायचीय म्हनताय ना, मग मायलेज मागनं इचारा, कलर तर इचारूच नका, आदी घरात जाऊन इचारा, लागती का? न्हाई न्हाई, गरज हाय का आसं न्हाई इचारायचं. गाडी लागती का, मळमळतं का, ते इचारायचं. आमच्या झुंबरबाईला लागती. झुंबरबाई म्हंजे आमची मंडळी. शिनोलीच्या वर डोंगराकडं आमची वाडी, भाताची खाचरं. डोक्यावर भारा देऊन चढ चढायला सांगा, गप चढंल. पन येष्टीत बसली की घोडेगाव यायच्या आत डोकं खिडकीच्या भाईर.

काय काय केलं म्हनून सांगू? लिंबू हुंगिवलं, आलेपाक चगळायला दिला, कुनीतरी म्हनलं बुडाखाली पेपर घालून बसवा, तर ते बी केलं. शेजारचा मानूस म्हनतो, "काकू, तुमचं बसून झालं की आतलं पान जरा द्या."

हसू नका राव. आमची वैजयंती, एकच लेक, ती दिली निमगाव सावाला. शिनोली कुठं आन निमगाव कुठं, मधी मंचर, मधी नारायणगाव, दर ठिकानी गाडी बदलायची. लगीन झाल्यावर ही लेकीकडं गेली न्हाई आसं न्हाई, गेली, पन पोचल्या पोचल्या घोंगडीवर आडवी. आईला चार घास करून घालायचं सोडून पोरगी तिचं डोकं चेपत बसली. मग पोरीला दिवस गेलं. डोहाळजेवनाचं बोलावनं आलं तवा वैजयंतीच फोनवर म्हनली, "आई, तू नको गं येऊ. तुजे हाल बघवत न्हाईत." फोन ठेवून ही भाकरी करायला बसली आन नुसतं पीठच मळत ऱ्हायली. मला लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हनलं, आता गाडी घ्यायची. सोताची. हिला लागनार न्हाई अशी.

आता अशी कंची, ते कुनाला ठाव? सार्थक, माझा ल्योक, चाकनला कंपनीत हाय, त्याला फोन लावला. "अण्णा, ग्राउंड क्लिअरन्स बघा, एअरबॅगा बघा, आन सनरूफ असंल तर डोळं झाकून घ्या, त्यातनं डोकं भाईर काढता येतं." म्हनलं, बाबा, तिचं खिडकीतनं निघतंय ते काय कमी हाय? घोडेगावात रमणलालशेठचं किराणा दुकान हाय, मानूस मापात बोलनारा. ते म्हनले, "सावळाराम, गाडी घेताना विकायचा विचार आधी करायचा. पांढरी घ्या, पांढरी कधीही जाते." म्हनलं, शेठ, मला गाडी घालवायची न्हाई, मंडळीला लेकीकडं न्यायचंय. "मग जवळ गॅरेज आहे का बघा, पार्ट कुठं मिळतात ते बघा."

खरं हाय, ते बी बघावं. आमच्या वाडीचा रस्ता असा की म्हैस आडवी हुबी ऱ्हायली तर वळायला जागा न्हाई, तवा लई लांबडी गाडी कामाची न्हाई, ते बघावं. मागची काच पुरी खाली जाती का बघावं, काही गाड्यांची मधीच थांबती, आन तिथं आमचा घोटाळा व्हतो. शीट किती उंच, गुडघं दुखनारं मानूस चढंल का, सगळं सगळं बघावं. पन लागती का, ते काय कुनी सांगंना.

गेलो मग शोरूमला. गळ्यात टाय, तोंडात साखर, असा एक पोरगा आला. "बोला काका, काय रिक्वायरमेंट आहे?" म्हनलं, आमच्या मंडळींना गाडी लागती. "लागणारच ना काका, आजकाल प्रत्येक फॅमिलीला लागते." म्हनलं, बरं झालं, मानूस अनुभवी हाय. "याआधी कोणती होती?" म्हनलं, येष्टी लागली, जीप लागली, मेव्हन्याची बारकी गाडी लागली. "म्हणजे आता मोठी लागेल." म्हनलं, मोठी तर लईच लागंल. पोरगं लई खूस, पान्याचा गिलास उचलून चा मागवला. "साधारण कधीपर्यंत लागेल?" कधीपर्यंत काय, म्हनलं, बसल्या बसल्या लागती. त्यानं काचेआडच्या सायबाला इशारा केला. "काका, लोन लागेल का?" आता हे काय नवीन, म्हनलं लोन लागल्यावर काय व्हतं ते आमाला ठाव न्हाई, पन लिंबू असंल तर जवळ असू द्या...

शेवटी झुंबरबाईनंच बारीक आवाजात सांगितलं, "बाळा, मला गाडीत वकारी व्हती." तेनं टाय उचलून शर्टात खुपसला.

मी म्हनलं, ट्रायल आमाला बी पायजे, पन चाक तू धर, ट्रायल हिची, मागल्या शिटावर. लोकं गाडी चालवून बघत्यात, आमी बसवून बघितल्या. एकीत वासाची डबी टांगलेली, ती तर दारातच लागली. दुसरी इतकी मऊ का पाळन्यावानी हलायची, ती पयल्या गतिरोधकाला लागली. तिसरी जरा उशिरा लागली, म्हनून तीच घेतली.

घेतली, घरी आनली, हळदकुकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, तर हिनं ते उचलून हुंगलं. इतक्यात लेकीला तिकडं सासरीच मुलगी झाली, बारशाचा दिवस दोन महिन्यांनी धरला. म्हनलं, आदी घोडेगावपातुर जाऊन बघू. गेलो, चाकावर मी, मागं ही. लागली. रस्त्याच्या कडंला बसून, चूळ भरून ही मला म्हनती, "अवो, मला एक सांगा. कंडक्टर वकताना मी बघितलाय. डायवर कदी बघितला का?"

मी लई आठवून बघितलं. न्हाई राव, डायवर न्हाई बघितला.

"मग मला तिथं बसवा."

मंचरला उज्ज्वलाताईंचा मोटारीचा क्लास हाय, तिथं घातली. जाताना येष्टीत लागायची, तिथं गेल्यावर गाडी चालवायची, येताना परत लागायची. वाडीतली मानसं हसली, हसू द्या. लायसन निघालं. पयल्यांदा सोता चालवत घोडेगावच्या पुढं गेली, गाडी कडंला लावली आन पदर तोंडाला लावून रडली. म्हनली, "एवढं सोपं व्हतं व्हय वो?" माझ्याबी डोळ्यांत पानी आलं. कुनाला सांगू नका.

आज बारसं हाय. सकाळी निघालो, चाकावर ती, शेजारी मी. आता शेजारी बसल्यावर मानूस गप बसंल का? म्हनलं, गेर बदल. म्हनलं, ट्रक येतोय. म्हनलं, हार्न दे. म्हनलं, एवढा हार्न कशाला? मंचर गेलं, कळंब गेलं, हितं नारायणगावात हिनं गाडी सावकाश कडंला घेतली, सिग्नल देऊन घेतली बरं का, आन म्हनली, "उतरा." म्हनलं, का गं, लागली का काय? म्हनली, "गाडी न्हाई लागली. तुमी लागताय."

उतरलो. काय करता? दार लावताना म्हनली, "नाव ठेवायच्या आत या मातूर." आन गेली की बुंगाट, मागं वळून सुदिक बघितलं न्हाई... तसं आरशात बघितलं असंल, क्लासात शिकिवत्यात.

म्हनून सांगतो पावणं, गाडी घ्या, जरूर घ्या, पन आदी इचारा, लागती का, आन लागत असंल तर चालवनार कोन. ती बघा, स्टँडात येष्टी शिरतीय. जरा पाटी वाचून सांगता का, निमगाव सावा हाय का? माझा चष्मा गाडीत ऱ्हायलाय, आन गाडी एव्हाना लेकीच्या दारात पोचली असंल.