खिडकीसमोरचा गोल

अंबुबाई : टेप लावून काय बघायलाय, अण्णा? गोल आहे. गोलात उभं राहायचं. एवढंच की.

विद्याधर : गोल आहे, पण काल तो इथे नव्हता. काल तो तिकडे, झाडाखाली होता.

अंबुबाई : असेल. रात्री वारं सुटलं होतं.

विद्याधर : वाऱ्याने ऑइलपेंट उडत नाही, बाई.

(लॉकडाउनमधली सकाळ. दुकानं दहाला बंद व्हायची, म्हणून बेंगळुरूतल्या जयनगरच्या या क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, गिरीराजच्या किराणा दुकानाची रांग अंबुबाईंच्या कंपाउंडपर्यंत आली आहे. विद्याधर पुण्याचे, सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. रस्त्यावरचे पांढरे गोल त्यांनीच मापून आखले आहेत आणि पोटच्या पोरांइतका त्यांना त्यांचा अभिमान आहे. त्यांतलं एक पोर रातोरात घर सोडून गेलेलं पाहून, रांगेत त्याच गोलात उभे राहून ते टेपने मापं घेत आहेत. अंबुबाई आपल्या फाटकाच्या आत, कॉफीचा, त्यांच्या भाषेत कापीचा, पेला घेऊन मजेत उभ्या आहेत.)

अंबुबाई : तुमचं तोंड बघून वाटतंय, कुणी घरातला दागिना नेलाय.

विद्याधर : दोन गोलांमध्ये सहा फूट अंतर होतं. आता बघा. चार. तेही धड नाही. आणि याला गोल म्हणायचं? हे वांगं आहे.

अंबुबाई : माझा हात रांगोळीचा. ब्रशाची सवय कुठनं असणार?

विद्याधर : म्हणजे तुम्हीच केलंत हे.

अंबुबाई : मी कुठं नाही म्हणाले? तुम्ही विचारलंच नाही. आल्या आल्या वाकून टेप लावलात.

विद्याधर : आणि आधीचा कसा पुसलात?

अंबुबाई : रॉकेल आणि नारळाची शेंडी. कंबर मोडली माझी. फार चांगला रंग होता ओ तुमचा.

विद्याधर : गच्चीतल्या पाइपांसाठी आणला होता. प्रमोदिनी अजून शोधतेय तो डबा.

अंबुबाई : बायकोला सांगितलं नाही? सरी, बरं. मग मी एक गोल ढापला तर तुम्ही डबा ढापलात. फिटलं.

विद्याधर : फिटलं कसं? एका गोलाने सगळ्या रांगेचं डिस्टन्स बिघडतं. टेक्निकली मला आता पुढचे सगळे गोल सरकवावे लागतील.

अंबुबाई : सरकवा की. टेप आहे, गुडघे शाबूत आहेत. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा.

विद्याधर : हेच! या शहरात कुठलीही गोष्ट बिघडली की स्वल्प अ‍ॅडजस्ट. व्हायरस अ‍ॅडजस्ट करत नाही, बाई.

अंबुबाई : आमची माणसं शहाजीराजांच्या लष्कराबरोबर या गावात आली. तेव्हापासनं अ‍ॅडजस्टच करायलोय. तुम्ही परवा आलात, आणि आमच्या दारात आम्हालाच गोलात उभं करायलाय.

विद्याधर : परवा नाही. आठ वर्षं झाली.

अंबुबाई : आठ वर्षं माझ्या दारावरनं जाता, आणि मराठी बोलता हे मला गोलावरनं भांडलात तेव्हा कळलं. त्याआधी नुसते बूट दिसायचे, खाली मान घालून चाललेले. आजही बघा. पोहे आणायला निघालाय की परेडला?

विद्याधर : रव्यासाठी आलोय. आणि बुटांचं काय? घराबाहेर पडताना माणसाने नीट पडावं.

अंबुबाई : लेस तर अशी आवळलीय, पाय निळा पडेल.

विद्याधर : डबल गाठ मारतो मी. आयुष्यात कधी सुटली नाही. विषय बदलू नका. लोक गोल हलवतात तो उन्हातून सावलीत. तुम्ही सावलीतला उन्हात आणलात. का?

अंबुबाई : सावलीत माणसं पेंगतात.

विद्याधर : खरं कारण.

अंबुबाई : तुमची पाटी.

विद्याधर : पाटीचा काय संबंध?

अंबुबाई : माझ्याच कंपाउंडला तारेनं बांधलीत. 'रांगेत बोलू नये.' वर कन्नड, मध्ये इंग्लिश, खाली मराठी. मराठीत कुणासाठी ओ? इथं आसपास मराठी वाचणारं दुसरं घर तुमचंच.

विद्याधर : नियम सगळ्यांना समजला पाहिजे.

अंबुबाई : म्हणजे माझ्यासाठी.

विद्याधर : तुम्ही फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांशी बोलायचात. बोलताना लोक मास्क खाली ओढतात. तोंडातून थेंब उडतात. माझं काही तुमच्याशी वैर नाही.

अंबुबाई : आणि आता इतका वेळ पाटीखाली उभं राहून माझ्याशी भांडायलाय ते? भांडण बोलण्यात धरत नाहीत काय पुण्यात?

विद्याधर : हे... हे आवश्यक बोलणं आहे.

अंबुबाई : बरं. तर पाटी लागली आणि माणसं मुकी झाली. आधी शेजारची श्यामला यायची, टोमॅटो किती सडके निघाले ते सांगायची. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला सांगायचा, कुणाच्या सुनेचं कुणाशी पटत नाही. आता सगळे खाली माना घालून फोन बघतात. आत बसलेल्या माणसाला नुसती टाळकी दिसतात.

विद्याधर : आत कोण बसलंय?

अंबुबाई : हळू बोला. आमचे यजमान. खिडकीत. लगेच मान वळवू नका की. त्यांना ऐकू सगळं येतं. बोलत तेवढे नाहीत.

विद्याधर : जयसिंगराव? पण मी संध्याकाळी इथून जायचो तेव्हा केवढ्या गप्पा चालायच्या. हसणं तर आमच्या गल्लीपर्यंत यायचं. दोघांचं.

अंबुबाई : दुसरं हसणं अप्पासाहेबांचं. हे सिटी बसवर कंडक्टर, ते ड्रायव्हर. इथल्याच शिवाजीनगरच्या स्टँडवरनं दोघांची एकच गाडी. शिट्टी यांची, ब्रेक त्यांचा. रिटायर झाले तरी अप्पासाहेब रोज संध्याकाळी यायचे. करोना आल्यापासनं आत येईनात. म्हणायचे, वहिनी, तुम्हाला काय झालं तर हा माझा जीव घेईल. मग रस्त्यावर उभं राहूनच गप्पा. एक खिडकीच्या आत, एक बाहेर.

विद्याधर : बाहेर म्हणजे नक्की कुठे?

अंबुबाई : तुमच्या पायाखाली.

विद्याधर : अच्छा.

अंबुबाई : गेल्या महिन्यात गेले. आस्पत्रीत नेलं ते नेलंच. यांना शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. त्यांच्या मुलानं फोन केला, हे 'सरी' म्हणाले. 'सरी', म्हणजे 'बरं', एवढंच, आणि फोन ठेवला. तेव्हापासनं तोंड उघडलं नाही. कापी समोर ठेवली तर पितात, नाही ठेवली तर मागत नाहीत. आमचा शंभूराज बोम्मसंद्र्याला कारखान्यात अडकलाय, तो रोज फोन करतो. हे कानाला लावतात आणि नुसते ऐकतात. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही. मग काय आहे, ते कुणी सांगत नाही. मला भीती वाटते, अण्णा. जागच्या जागी बसून माणूस विझायलाय, आणि मी कापीचे पेले धूत बसलेय.

विद्याधर : हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?

अंबुबाई : पाटीवर काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा.

विद्याधर : 'रांगेत बोलू नये.'

अंबुबाई : म्हणून गोल इथं आणला. म्हटलं, रोज एवढी माणसं खिडकीसमोर येऊन खोळंबतील. एखादं तरी पाटी वाचायची विसरेल. काहीतरी बोलेल. यांना राग येईल, हसू येईल, काहीतरी येईल. कालपर्यंत रांग त्या झाडाखाली थांबायची, यांना नुसती पाठ दिसायची.

विद्याधर : हे टेपचं टोक धरा.

अंबुबाई : आता काय?

विद्याधर : धरा हो. तुमच्या बाजूने खिडकीच्या गजाला लावा.

अंबुबाई : माझ्या नवऱ्याचं माप घ्यायलाय काय? शर्ट शिवणार?

विद्याधर : ताणून धरा. ढिलं सोडू नका... आठ. आठ फूट, आणि मध्ये भिंत. मास्क नाकावर असेल तर टेक्निकली या गोलातून बोलायला हरकत नाही.

अंबुबाई : हे पाटीवर लिहा.

विद्याधर : लिहितो. 'हा गोल सोडून.'

अंबुबाई : सरी. मग बोला.

विद्याधर : मी?

अंबुबाई : गोलात कोण आहे? मी तर फाटकाच्या आत आहे.

विद्याधर : मला जमत नाही ते. प्रमोदिनी म्हणते, मी शेजाऱ्याला गुड मॉर्निंगसुद्धा नोटीस वाचल्यासारखं म्हणतो.

अंबुबाई : मग नोटीस वाचा. आज हवी तशी चालेल.

विद्याधर : नमस्कार, जयसिंगराव. मी विद्याधर. पलीकडच्या गल्लीत राहतो. रस्त्यावरचे गोल मी आखलेत.

अंबुबाई : संपली नोटीस?

विद्याधर : ते नुसते बघतायत माझ्याकडे.

अंबुबाई : कालपर्यंत भिंतीकडे बघायचे. तुम्ही भिंतीपेक्षा बरे निघालात. अजून बोला. बसचं काही बोला.

विद्याधर : बसचं... हां. जयसिंगराव, मी पहिल्यांदा बेंगळुरूला आलो ना, तेव्हा शिवाजीनगरहूनच बस पकडली होती. हातात ही मोठी बॅग. दारातच उभा राहिलो, म्हटलं उतरायला सोपं. कन्नड एक अक्षर येत नव्हतं. आणि कंडक्टर सारखा माझ्याकडे बघून ओरडतोय, मुंदे होगी, मुंदे होगी. मला कळेना, गाडीत एवढी माणसं असताना हा माझ्याच मागे का लागलाय.

अंबुबाई : पुढं सरका म्हणत होता बिचारा. आमच्या घरात हेच ऐकत म्हातारी झाले मी. न्हाणीघराच्या दारात जरा रेंगाळलं की मुंदे होगी. लग्नाच्या पंगतीत वाढपी थांबला की मुंदे होगी. शंभूराजच्या लग्नात नवरानवरी पाया पडायला वाकली, तर यांनी आशीर्वाद दिला आणि वर म्हणाले, मुंदे होगी, मागं माणसं आहेत.

विद्याधर : खरंच?

अंबुबाई : व्हिडिओ आहे. सूनबाई अजून दाखवते सगळ्यांना.

विद्याधर : तर मी तसाच दारात. कुणाला उतरू देईना, कुणाला चढू देईना. मी आपला त्याला इंग्लिशमध्ये समजावतोय की, दाराजवळ उभं राहणं हे जास्त एफिशियंट आहे. शेवटी त्याने माझी बॅग उचलली, लोकांच्या हातांवरून पार ड्रायव्हरच्या मागे पोचवली, आणि मग मला बॅगेच्या मागे जावंच लागलं. काय डोकं होतं त्या माणसाचं. मी हे ऑफिसात कुणाला सांगितलं नाही कधी. गंमत म्हणजे, मी ज्यांच्याकडे उतरणार होतो ते माझ्या मागच्याच... म्हणजे, सांगतो, आधी त्या बॅगेत काय होतं ते ऐका, जयसिंगराव. आईने दिलेली लोणच्याची बरणी. आणि ती—

जयसिंगराव : मुंदे होगी.

विद्याधर : काय?

जयसिंगराव : मुंदे होगी, सार. पुढं दोन गोल रिकामे पडलेत. मागं माणसं खोळंबलीत, दिसत नाही?

विद्याधर : हो, हो. सॉरी. बोलण्याच्या नादात लक्ष गेलं नाही. सरकतो.

अंबुबाई : सरकू नका.

विद्याधर : अहो, मागचे सगळे हात करतायत. दहाला गिरीराज शटर ओढेल. आणि रांगेत आपणच गॅप ठेवायची म्हणजे—

अंबुबाई : हळू बोला. स्वल्प थांबा, अण्णा. अजून एकदा म्हणू देत त्यांना.

विद्याधर : ...बरं, अक्का. जयसिंगराव, एक मिनिट हं. बुटाची लेस सुटलीय माझ्या. जरा वेळ लागेल.