बडे बाबूंचा काळा स्पंज

धुतला. ज्यांनी कुणी धुतला त्यांचं नाव मी घेणार नाही, त्यांच्याच घरात राहतो, त्यांच्याच हातचं जेवतो, आणि तुम्हाला सांगतो, जेवण उत्तम असतं... पण धुतला. गरम पाण्यात, भांड्यांच्या साबणानं, वर पिळून, बाल्कनीतल्या दोरीवर काकांच्या रुमालांशेजारी चिमटा लावून वाळत घातला. दिल्लीत आर. के. पुरमच्या त्या क्वार्टरमध्ये माणसं तीन. मी, काका आणि काकू. काकांनी जन्मात बादली उचललेली नाही. आता तुम्हीच ओळखा. मी काय मोठं मागितलं होतं? फक्त धुवायचा नव्हता.

स्पंज कसला, ते ऐका. मी एका सरकारी ऑफिसात करारावर आहे. साताऱ्याहून निघालो तेव्हा देश बदलायचा होता, आल्यावर कळलं की साहेबांच्या प्रेझेंटेशनचा रंग बदलायचा आहे. तर त्या ऑफिसच्या लॉबीत काचेची टाकी, टाकीत एकच मासा, गोल्डफिश, पण केवढा, माझ्या तळहाताएवढा, आणि चेहरा असा की अर्ज नाकारलाच म्हणून समजा. सगळे त्याला बडे बाबू म्हणायचे. का? तर अख्ख्या इमारतीत दिवसभर जागेवर सापडणारा तो एकटाच. मी डबा त्याच्यासमोर बसून खायचो. काचेपाशी येऊन तोंड उघडायचा, मिटायचा. माझं बोलणं पूर्ण ऐकून घेणारा त्या ऑफिसातला दुसरा कोण होता, सांगा ना?

आणि एक दिवस फर्मान आलं, लॉबी का लुक फ्रेश करना है. टाकी निर्लेखित, म्हणजे भंगारात. फाइलवर टाकीची लांबी, रुंदी, काचेची जाडी, सगळं. आतल्या जिवाबद्दल अवाक्षर नाही. मी प्रशासनातल्या दीनानाथजींना विचारलं, सर, मछली का क्या होगा? ते फाइलीतून मान न काढता म्हणाले, "अरे यार, यमुना जी में छोड़ दो, पुण्य मिलेगा." यमुनेत. दिल्लीत राहणाऱ्याला यमुनेचा वेगळा फोटो दाखवायला नको. मी म्हटलं, मी नेतो घरी.

आता इथे विज्ञान येतं, पण दोनच वाक्यांचं, पळू नका. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच सोडतो, त्याचं विष होतं, आणि ते विष खाऊन टाकणारे जंतू जुन्या टाकीच्या फिल्टरमधल्या काळ्या, बुळबुळीत स्पंजात राहतात. नव्या टाकीत ते जमायला कित्येक आठवडे लागतात, तोवर मासा मरतो. उपाय? जुना स्पंज उचलायचा, तसाच ओला, तसाच घाण, नव्या फिल्टरमध्ये ठेवायचा. संपलं. फक्त धुवायचा नाही.

मी नवी टाकी आणली, हॉलमध्ये मांडली. काकू खूश. "गौरी यायच्यात, तेवढीच शोभा." मासा नंतर, आधी स्पंज, म्हणून मी ऑफिसातून पिशवीत जुन्या टाकीचं पाणी, त्यात स्पंज, असा मेट्रोला गेलो. तपासणीवाल्या जवानानं पिशवी वर धरली. "ये क्या है?" मी, शिकलेला मूर्ख, खरं बोललो. बैक्टीरिया. मागची रांग दोन पावलं मागे. तो म्हणाला, "ज़िंदा?" मी म्हटलं, ज़िंदा है, वही तो ज़रूरी है. त्यानं मला इतक्या अदबीनं बाहेरचा रस्ता दाखवला, इतक्या अदबीनं ऑफिसात कधी कुणी बोललेलं नाही. मग ऑटो. ऑटोवाला म्हणाला, भाई साहब, बदबू आपकी है तो आप ही पकड़ो, आणि सरोजिनी नगरच्या कोंडीत मी पिशवी बाहेर लोंबकळत धरून बसलो, आणि कपड्यांच्या पिशव्या घेतलेल्या मुली माझ्याकडे बघून रस्ता बदलत होत्या.

घरी काकूंना नीट समजावलं. त्या मेथी निवडत होत्या.

"म्हणजे माशाची घाण खाणारे किडे?"

साधारण तसंच, काकू.

"आणि ते गौरींच्या शेजारी बसणार?"

दिसत नाहीत हो ते.

"न दिसणारेच वाईट असतात, विश्वा."

मी हसलो. माझं चुकलं काय तर मी हसलो. स्पंज टबात ठेवला, काकू, फक्त धुवायचा नाही, असं म्हणालो, आणि फिल्टरची नळी आणायला खाली गेलो. नळी घेऊन परत येतो तर दोरीवर पिवळा, हलका, लिंबाच्या वासाचा स्पंज वाऱ्यावर झुलतोय. आतले सगळे जंतू मोरीतून गेलेले.

काकू म्हणतात, "तू टाकीत घालणार म्हणालास ना, म्हणून तर धुतला. बाहेरून आणलेलं न धुता या घरात कधी आत गेलंय?" खरं आहे. कोविडात या बाईनं बिस्किटांचे पुडे धुतले, काकांचे चष्मे धुतले, विजेचं बिल धुतलं. आणि वर म्हणाल्या, "दोनदा धुतला रे. म्हटलं, पोरगं खूश होईल." आता या वाक्यावर कुणी चिडायचं कसं, ते तुम्ही मला शिकवा.

काका पेपरातून म्हणाले, "लेखी सूचना दिली होतीस का? तोंडी आदेशाला काही अर्थ नसतो."

धावत ऑफिसला गेलो, म्हटलं टाकीतले खडे तरी आणू, त्यांवरही जंतू असतात. लॉबी लख्ख. फिनेलचा वास. टाकी गेलेली, खडे गेलेले, तिथे भिंतभर हिरवी वेल, प्लॅस्टिकची, तिला पाणी नको, ऊन नको, तक्रार नाही. आणि कोपऱ्यात रंगाच्या रिकाम्या बादलीत बडे बाबू, तेच तोंड उघडणं, मिटणं. उचलले, आणले, नव्या टाकीत सोडले.

पुढे काय, रोज ऑफिसातून यायचं, अर्धं पाणी काढायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाला आणि जंतूंना मारतं, म्हणून औषध घालून ठेवलेलं पाणी ओतायचं. पट्टी बुडवून विष मोजायचं. बडे बाबू खाली बसून असायचे, पण असायचे. आणि तुम्हाला सांगतो, हळूहळू तो धुतलेला स्पंज परत तपकिरी व्हायला लागला. बुळबुळीत. मी रोज बोटानं चाचपायचो आणि मनात म्हणायचो, या, जमा व्हा, थोडे दिवस, बस. आणि रोज जाताना सांगायचो, काकू, फक्त धुवायचा नाही. त्या मान हलवायच्या. लेखी कागदही चिकटवला होता, काकांच्या समाधानासाठी.

गौरी यायच्या आदल्या दिवशी घरी आलो. हॉल चमकतोय, पितळ चमकतंय, टाकी चमकतेय.

"तुझं काम करून टाकलं रे," काकू म्हणाल्या. "रोज दमून येतोस आणि अर्धंच पाणी काढतोस. मी सगळं बदललं. ताजं, नळाचं."

कागद?

"तो ओला झाला, काढला. आणि स्पंज किती घाण झाला होता..."

बडे बाबू वर, पाण्याच्या कडेला, तिरके. औषध घातलं, पंप वाढवला, ज्यांच्यावर माझा विश्वास नाही त्या सगळ्यांना हाक मारली. सकाळी ते नव्हते. काकू टाकीपाशी उभ्या, डोळ्याला पदर. "मी त्याला चांगलं पाणी दिलं होतं रे, विश्वा." मी खाली लॉनच्या कोपऱ्यात खड्डा केला. काका आले, पहिल्यांदा हातात काहीतरी घेऊन. खुरपं.

संध्याकाळी हळदीकुंकू. गौरी उभ्या, शेजारी रिकामी टाकी, पाणी असं की आहे की नाही ते कळू नये. कँटोन्मेंटातून सुभेदारसाहेबांच्या प्रणितावहिनी आलेल्या, त्यांनी वाकून काचेत स्वतःचं कुंकू सारखं केलं आणि काकूंना म्हणाल्या, "इंदुताई, टाकी किती लख्ख ठेवलीय हो. मासे नाही ठेवले ते फार छान केलंत, उगाच घाण करतात."