नावाडी वर येतो का?

न्हाय बाय, पहिला नको, दुसरा नको, मधलं काहीच नको. शेवटचा भाग दे. ‘मशालगड’ कादंबरीचा पाचवा, तुझ्या लायब्ररीत असेल ना. — हो, तीच, टीव्हीवर लागायची तीच. शुक्रवारी रात्री आठला. आता न्हाय लागत, दिवाळीच्या आधीच बंद पडली, चॅनलवाल्यांना परवडली न्हाय म्हनतात. अरे, न्हाय परवडली तर न्हाय परवडली, पन मानसाला पान्याखाली सोडून बंद करायची? रानीचा आवाज त्या जादूगारानं तळ्याच्या बुडाशी किल्ल्यात कोंडलाय, तो आनायला नावाडी नावेसकट उतरलाय बिचारा — तिसरा दरवाजा उघडला, पानी आत घुसलं, आनि खाली पट्टी आली, ‘धन्यवाद’. कसलं धन्यवाद? तो तिकडं बुडतोय ना! — बसू का जरा? बसतो. तू शोध सावकाश. मला घाई न्हाय.

मी लडकू, राहनाळचा. हसू नको, नावच हाय, आजोबांचं ठेवलंय. आमची भातशेती होती तिथं आता गोदाम उभं हाय, आत फ्रीज न् वॉशिंग मशिनी, आनि मी दारात खुर्ची टाकून बसतो, ड्रायव्हर लोकांशी ‘भाई, गाडी पीछे लो’ करत. मालक म्हनतात मला. कसला मालक. पन तरनेपनी मी इथं भिवंडीत कापडाच्या लूमवर होतो, आनि माझ्या बाजूच्या लूमवर हिरामन. तो आतल्या डोंगराकडच्या गावचा, मी खाडीकाठचा, तो माशाचा वास आला की नाक मुरडायचा आनि मी मुद्दाम डब्यात सुकट आनायचो. खडखडाट तर तुला म्हाईतच हाय — कानाशी ओरडलं तरी ऐकू येत न्हाय. मंग आमी ओठ बघून बोलायचो. लूमवरचे सगळेच बोलतात तसे, पन आमची गत अशी की बाहेर चहाच्या टपरीवर पन आवाज न काढताच गप्पा. लोक म्हनायचे, दोघं मुके हायत का रे? जमिनीवर गोदाम आलं तसा मी लूम सोडला. त्यानं न्हाय सोडला. त्याच्याकडं कुठलं गोदाम.

तर सिरियल. शुक्रवारी लूमला सुट्टी आनि भिवंडीत लाइट बंद, हे तर ठरलेलंच. त्याच्या चाळीत अंधार, आनि आमची लाइन वेगळी, राहनाळात झकास उजेड. हिरामनला पहिलाच भाग बघायला मिळाला न्हाय. मला म्हनाला, लडक्या, तू बघ आनि मला सांग. मंग काय — त्याच्या चाळीखाली केसरीनाथचं किराना दुकान, तिथं फोन. सिरियल संपली की मी घरनं फोन लावायचो, तो तिकडं मेनबत्ती लावून बसलेला. मी त्याला सांगायचो, तो चाळीला सांगायचा. तीसेक मानसं जमायची म्हने, पोराबाळांसकट. भैया लोक विचारायचे, ‘फिर क्या हुआ, हिरामन भाई?’ — तो मला विचारायचा, मंग काय झालं रं? मी जरा थांबायचो. मजा यायची. माझी बायको मैना म्हनायची, सिरियल अर्ध्या तासाची आनि तुमचं सांगनं तासाचं! पुढं पुढं लाइट असली तरी चाळीतले टीव्ही लावायचे न्हाईत, म्हनायचे लडकूभाईकडनं ऐकू. खोटं सांगत न्हाय. केसरीनाथला विचार.

मंग त्याची छाती गेली. एवढी वर्षं कापसाचा भुगा ओढला ना आत. आधी खोकला, मंग जिना चढवेना, मंग सरकारी हॉस्पिटलात आनला. तोंडावर तो मास्क, बाजूला नळकांडं. वॉर्डात टीव्ही न्हाय. मी म्हनालो, काळजी कशाला करतो, मी हाय ना — आनि दर शुक्रवारी जाऊन बसायला लागलो. तेवढ्यात यांनी सिरियलच बंद केली! आता मी काय करू? सांग ना, तू काय केलं असतंस? मी त्याच्या खाटेपाशी बसलो, तो डोळे मोठे करून बघतोय, आनि माझ्या तोंडातनं निघून गेलं — आज काय झालं म्हाईतंय का, नावाड्यानं चौथा दरवाजा उघडला.

मंग उघडतच गेलो मी. पाचवा, सहावा… एका दरवाजात जकात नाका टाकला. खरंच! पान्याखाली जकात नाका, आत राक्षस कारकून बसलाय, म्हनतो रानीचा आवाज न्यायचा तर आधी पावती दाखव, आवाज कच्चा माल हाय का तयार माल? हिरामन एवढा हसला की सिस्टर धावत आली, मला बाहेर काढला. एका दरवाजात नुसतं सूत. सगळीकडं सूत, गुंता, आनि नावाडी एक एक धागा सोडवतोय — तो हिरामननंच सुचवला, बोट हलवून गाठ कशी मारायची ते दाखवत. कारागीर मानूस ना. तो भाग मी दोन शुक्रवार पुरवला. मला वाटायचं, दरवाजे असले की पुढचा शुक्रवार असतो. येड्यासारखं वाटायचं, पन वाटायचं.

शेवट? शेवटाचं सगळ्यांचं वेगळं हाय. आमच्या टपरीवरचा मोरू म्हनतो, नावाडी वर येनार, रानी त्याच्याशी लगीन लावनार, राजा कपाळ बडवत बसनार. मैना म्हनते, जादूगार रानीचा भाऊच निघनार. ड्रायव्हर लोकांत एक हाय, तो म्हनतो, ‘हीरो कभी मरता है क्या?’ मी म्हनतो, तो हीरो कुठं हाय, तो नावाडी हाय! हीरो तर तो घोड्यावरचा, काठावर उभा हाय, पाय पन भिजले न्हाईत त्याचे. आनि मला ईचारशील तर… आमी खाडीची मानसं, बाय. पान्यात उतरलेला मानूस वर यायचा तर लवकर येतो. पन हे मी टपरीवर बोललो न्हाय. टपरीवर मी पन म्हनालो, येनार म्हनजे येनारच.

— सापडलं? हाच? हाच हाय का पाचवा? केवढा जाड हाय. ठेव, ठेव तिथंच टेबलावर. उघडू नको अजून.

तू वाचलंयस? सगळं? — थांब, बोलू नको. आधी माझं ऐक. गेल्या शुक्रवारी मी गेलो, नवीन दरवाजा तयार ठेवला होता, आगीचा. सुरुवात केली, तर त्यानं हात वर केला. मास्क बाजूला सारला. आवाज तर आता येतच न्हाय त्याचा, पन ओठ मला कळतात. म्हनाला, लडक्या, सिरियल बंद झाली ते मला म्हाईत हाय. वॉर्डबॉयनं कधीच सांगितलं. — म्हनजे बघ! त्याला म्हाईत होतं, आनि तो हसत होता, धागे सोडवत होता, पुढं काय पुढं काय विचारत होता. कोन कुनाला सांभाळत होता? मी मान खाली घातली. त्यानं माझ्या गुडघ्यावर थापटलं, वर बघायला लावलं — खाली बघितलं तर ओठ कसे दिसनार — आनि म्हनाला, आता शेवट सांग. म्हटलं सांगतो, तो वर येतो, रानीचा आवाज घेऊन… तर मान हलवली. तुझा नको. पुस्तकात हाय तो सांग. नावाडी वर येतो का, तेवढंच मला सांग.

एवढ्या वर्षांत त्यानं माझ्याकडं काही मागितलं न्हाय. माझं गोदाम झालं, स्लॅबचं घर झालं, तेव्हा पेढे घेऊन तोच आला. लूम सोड, माझ्याकडं वॉचमन म्हनून ये, असं दहादा म्हनालो. आला न्हाय. म्हनायचा, दोस्ताच्या दारात मी सलाम ठोकत उभा ऱ्हाऊ? — मागितलं ते हे.

उघड मंग. शेवटचं पान काढ. तू वाच, माझा चष्मा… चष्मा हाय खिशात, पन तू वाच. त्याच्यासमोर पहिल्यांदा वाचायला मला नको. तिथं माझं तोंड बघून त्याला आधीच कळेल.

हं… हं… काठावर लोक जमलेत. बरं… रानी बोलली? आवाज आला तिला? म्हनजे काम झालं त्याचं. पुढं वाच. — नाव. नाव वर आली. कोन हाय तिच्यात? — परत वाच. तेवढीच ओळ परत वाच, बाय.

रिकामी.

आनि पुढं? पुढं पान न्हायच? संपलं? लिहिनाऱ्यानं एवढी पाच पुस्तकं लिहिली, त्याला एक पान जड झालं होतं का? एक पान! तळ्यात एखादा दगड टाकायचा होता धरायला, कुठं झाडाची फांदी… मी एवढे दरवाजे काढले ना, मला तर कोनी शिकवलं न्हाय. — न्हाय, तुझ्यावर न्हाय रागावलो. तू काय करनार. पानी हाय का? दे.

त्याला ठाऊक होतं. तू म्हन काय पन, हिरामनला ठाऊक होतं, म्हनूनच तुझा नको म्हनाला. त्याला फक्त कोनीतरी खरं बोलायला पाहिजे होतं. डॉक्टर म्हनतो बघू, पोरगा म्हनतो बरे व्हाल, मी म्हनतो अजून एक दरवाजा हाय. आमी सगळे त्याला नुसतं लोंबकळत ठेवतोय. आता खोटं सांगितलं तरी चालनार न्हाय, त्याला माझे ओठ कळतात.

काय? — सभासद न्हाय मी. पुस्तक नकोच. एवढी ओळ पुरे. — आज रविवार हाय, मला म्हाईत हाय. शुक्रवारपर्यंत थांबलो असतो, पन सकाळी तुळजावहिनीचा फोन आला, त्याच्या बायकोचा. म्हनाली, भावजी, आजच या. येतो म्हनालो. आलो पन. हॉस्पिटलच्या फाटकात रिक्षा थांबली, पैसे दिले, पायऱ्या दिसल्या, आनि मी रिक्षावाल्याला म्हनालो, ‘वापस लो, लायब्ररी.’ पुस्तक आनायला पाहिजे ना आधी. असं कसं हात हलवत जाऊ? म्हटलं पाच मिनिटं. आता किती झाली, तास झाला? तू पन मला बोलू दिलंस.

तुझी बंद करायची वेळ झाली असेल. कर, बंद कर. ते पुस्तक ठेव जागेवर. पंखा घालव. मी उठतो. त्याला सांगायचंय मला, आनि खरं तेच सांगायचंय, दुसरं काही सुचत पन न्हाय. तू खिडक्या लाव तोवर. माझ्याकडं बघू नको, बाय. उठतो म्हनतोय ना.