पाडव्यानंतरचे दोन शब्द

चहा अजून एक सांगा, घसा पार बसलाय. तलवाड्यात माझा सरकारी भरतीच्या परीक्षेचा क्लास हाय ना, दिवाळी झाली की अर्धी पोरं ऊसतोडीला जातात, गुढीपाडव्याला परत येतात. मग त्यांच्यासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

काल तसेच इंग्रजीचे दोन शब्द सांगत होतो. 'पर्स्पिक्युअस' म्हणजे ज्याचं सांगणं स्वच्छ, अन् 'पर्स्पिकेशस' म्हणजे ज्याचं डोकं तल्लख. परीक्षा तोंडावर, अन् कुणालाच फरक कळेना.

शेवटी ऊसतोडीला न जाता गावातच राहिलेली सुनीता वैतागून उठली. "सर, आमी दिवाळीआधी बी हेच ऐकलं. आता खरं सांगा, या दोन्हीतलं आपल्या वर्गात कमी काय पडतंय?"

मी खडू खाली ठेवला. म्हणलं, "सुनीता, तू घरी जा बाई. तुला दोन्ही कळले."